जिथे वर जाता येत नाही

स्कूबा डायव्हिंगचे सारे प्राथमिक प्रशिक्षण एका गृहीतकावर उभे असते, आणि ते गृहीतक म्हणजे पाणबुड्याच्या डोक्यावर पाणी आहे व त्या पाण्यावर आकाश आहे. तोंडातला रेग्युलेटर निसटला, मास्कमध्ये पाणी शिरले, सिलिंडरमधली हवा संपत आली किंवा नुसतीच धडकी भरली, तरी प्रत्येक अडचणीवरचा शेवटचा उपाय एकच असतो, तो म्हणजे श्वास न कोंडता सावकाश वर येणे. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ प्रशिक्षकाच्या आधाराने काही मिनिटे मासे पाहून आलेला पर्यटक असो, की रीतसर अभ्यासक्रम पुरा करून १८ मीटरपर्यंत उतरण्याचे ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र मिळवलेला हौशी पाणबुडा असो, दोघांचीही सुरक्षितता अखेर या एका उपायावर विसंबलेली असते. ‘ओपन वॉटर’ म्हणजे उघडे पाणी. प्रमाणपत्राची मर्यादा त्याच्या नावातच लिहिलेली आहे, पण ते नाव इतके अंगवळणी पडते की त्याचा अर्थ कोणी वाचत नाही. पाण्याने भरलेल्या गुहेत डोक्यावर खडकाचे छत असते, आणि तेथे वर जाणे म्हणजे त्या छतावर डोके आपटणे असते. बाहेर पडण्याची वाट एकच, आत आलो तीच, आणि ती उभी नसून आडवी असते.

अशा गुहा जगात सर्वत्र नाहीत. त्यांच्यासाठी बहुधा चुनखडक लागतो. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, खडकाच्या भेगांत झिरपते, आणि हजारो-लाखो वर्षांत भेगांचे बोगदे व बोगद्यांची दालने होतात. या भूरूपाला भूगोलात कार्स्ट म्हणतात. सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा असल्याने महाराष्ट्रात अशी भूमिगत जलदालने घडली नाहीत, आणि अजिंठा-वेरूळची लेणी तर माणसाने छिन्नीने कोरलेली आहेत. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात मात्र अशा खडकातून उसळणारे एक हजाराहून अधिक झरे आहेत आणि त्यांपैकी कित्येकांच्या तोंडाशी गुहांची दारे आहेत. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात भूमिगत नद्यांचे छत कोसळून तयार झालेल्या विवरांना ‘सेनोते’ म्हणतात. तेथील साक आक्तुन आणि दोस ओहोस या दोन जलमय गुहाप्रणाली एकमेकींना जोडलेल्या असल्याचे २०१८ च्या जानेवारीत जाहीर झाले, तेव्हा त्यांची एकत्रित लांबी ३४७ किलोमीटर भरली, म्हणजे रस्त्याने मुंबईहून छत्रपती संभाजीनगर गाठण्याएवढी. दक्षिण ऑस्ट्रेलियातील माउंट गॅम्बियरच्या परिसरात तर शेताच्या मधोमध असलेल्या, माणूस जेमतेम मावेल अशा भोकाखाली प्रचंड जलदालने दडलेली आहेत.

या जागांचा धोका त्यांच्या सौंदर्याआड लपलेला असतो. समुद्र निदान गुरगुरतो, फेसाळतो, लाटेने माणसाला मागे लोटतो आणि नवख्याला आपली पायरी दाखवून देतो. झरा तसे काही करत नाही. फ्लॉरिडातल्या झऱ्यांचे पाणी वर्षभर सुमारे २२ अंश सेल्सियस असते आणि खडकातून गाळून आल्याने ते इतके नितळ असते की पाणबुडा हवेतच तरंगत असल्याचा भास होतो. दारातून आत पाहिले की पहिले दालन उजळलेले दिसते, त्यापुढचा काळोख फार लांब वाटत नाही, आणि जरा पुढे डोकावून परत येऊ, एवढाच विचार मनात असतो. अप्रशिक्षित पाणबुड्यांच्या मृत्यूंची सुरुवात बहुधा या ‘जरा पुढे’पासून होते.

गुहेच्या तळाशी, कपारींत आणि छताच्या खोबणींत पिठाहून बारीक गाळ साचलेला असतो. समुद्रात पोहताना पायातले फिन्स वरखाली हलवण्याची जी पद्धत शिकवली जाते, तिने पाण्याचा झोत खाली जातो आणि तळाचा गाळ ढवळला जातो. कोणी तळाला हातही लावला नाही तरी सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे छतावर आदळून तेथली माती खाली पाडतात. काही क्षणांत नितळ पाण्याचे गढूळ पिठले होते. मग टॉर्च कितीही प्रखर असली तरी उपयोग नसतो, कारण प्रकाश गाळाच्या कणांवरून उलटून डोळ्यांवर येतो. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात दाट धुक्यात ज्याने गाडीचे मोठे दिवे लावून पाहिले असतील, त्याला हा अनुभव वेगळा सांगायला नको. फरक इतकाच की घाटात गाडी कडेला घेऊन थांबता येते. गुहेत थांबायला हवेचा साठा नसतो आणि उडालेला गाळ खाली बसायला तास, कधी दिवससुद्धा लागतात. आत जाताना पाठीमागे वळून न पाहिलेल्या माणसाला परतीच्या वाटेवर सगळे फाटे सारखेच दिसतात; गाळ उडाल्यावर तर तेही दिसत नाहीत.

हवेचे गणितही पाण्याखाली बदलते, आणि ते समजल्याशिवाय पुढचे नियम समजत नाहीत. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाएवढा वाढतो. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने भरलेली हवा म्हणजे सुमारे २४०० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या माणसाला ती दोन तास पुरेल. पण ३० मीटर खोलीवर दाब चौपट असल्याने प्रत्येक श्वासाबरोबर चौपट हवा खर्च होते आणि तोच साठा अर्ध्या तासात संपतो. माणूस घाबरला की त्याचा श्वास सहज दुप्पट होतो, म्हणजे हाती उरतात पंधरा मिनिटे. परतीची वाट वीस मिनिटांची असेल तर पुढे काही सांगण्याचे कारण उरत नाही.

भीतीचे शरीरशास्त्र याहून क्रूर आहे. घाबरलेला माणूस भराभर पण उथळ श्वास घेतो, ताजी हवा फुफ्फुसांत खोलवर पोहोचत नाही आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. श्वासाची निकड मेंदू मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरून ओळखतो, ऑक्सिजनच्या नव्हे; त्यामुळे सिलिंडर भरलेले असतानाही माणसाला गुदमरल्यासारखे वाटते, तो आणखी धापा टाकतो, आणि खोलीवरची दाट हवा ओढताना होणाऱ्या श्रमाने कार्बन डायऑक्साइड आणखी वाढतो. या चक्रात सापडलेला पाणबुडा तोंडातला चालू रेग्युलेटर फेकून देतो किंवा जोडीदाराच्या तोंडातला हिसकावतो. उघड्या पाण्यात अशा माणसाला धरून वर आणता येते, गुहेत मात्र त्याच्यासह दुसराही जातो.

थायलंडच्या थाम लुआंग गुहेतील २०१८ ची सुटका जगाने पाहिली, पण तिच्यातला हा भाग फारसा ध्यानात राहिला नाही. २३ जूनला फुटबॉल खेळणारी १२ मुले व त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्यामुळे गुहेत अडकले, आणि २ जुलैला रिचर्ड स्टँटन व जॉन व्होलान्थन या दोन ब्रिटिश पाणबुड्यांना ते गुहेच्या तोंडापासून काही किलोमीटर आत सापडले. हे दोघे सैनिक नव्हते. एक निवृत्त अग्निशामक जवान होता, दुसरा संगणक क्षेत्रात काम करणारा, आणि दोघेही शनिवार-रविवारी ब्रिटनच्या थंड, गढूळ, चिंचोळ्या गुहांत डुबक्या मारणारे हौशी होते. थायलंडचे नौदल कमांडो शरीराने व धैर्याने कोणाला हार जाणारे नव्हते, परंतु त्यांचे प्रशिक्षण उघड्या समुद्राचे होते. मदतीसाठी परत आलेले माजी कमांडो समन कुनान ६ जुलैला गुहेत सिलिंडर पोहोचवून परतत असताना मृत्यू पावले. पाणी उपसण्याच्या कामात पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीच्या तज्ज्ञांनी साहाय्य केले होते, त्यामुळे महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी त्या दिवसांत ही घटना विशेष आस्थेने छापली. मुलांना बाहेर काढण्याची जी रीत अखेर निवडली गेली ती विलक्षण होती. ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ आणि अनुभवी गुहा-पाणबुडे रिचर्ड हॅरिस यांनी प्रत्येकाला गुंगीचे औषध दिले, पूर्ण चेहरा झाकणारा मास्क बसवला, आणि मग पाणबुड्यांनी त्यांना सामानाच्या गाठोड्याप्रमाणे पाण्याखालून वाहून आणले. शुद्धीवर असलेला अप्रशिक्षित माणूस गुहेच्या पाण्यात स्वतःचा आणि वाहणाऱ्याचाही जीव घेईल, याविषयी त्या क्षेत्रातल्या सर्वोत्तम लोकांना एवढी खात्री होती की लहान मुलांना गुहेत भूल देण्याचा धोका त्यांना त्यापेक्षा कमी वाटला. अप्रशिक्षितांनी गुहेत का उतरू नये, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधूनही सापडणार नाही.

ज्या नियमांवर आज हे क्षेत्र चालते ते एखाद्या समितीने खुर्चीत बसून बनवलेले नाहीत. १९६० आणि १९७० च्या दशकांत स्कूबाची साधने सामान्य माणसाच्या हाती आली आणि फ्लॉरिडाच्या झऱ्यांत माणसे एकामागून एक मरू लागली. प्रशिक्षणाला शिस्त लावण्यासाठी १९६८ मध्ये गुहा-पाणबुड्यांची एक राष्ट्रीय संघटना निघाली, पण या विषयाला खरे शास्त्रीय वळण दिले ते शेक एक्स्ली या गणिताच्या शिक्षकाने. एक हजार गुहा-डुबक्यांचा टप्पा ओलांडणारा तो जगातला पहिला माणूस. प्रत्येक अपघाताचे कागद घेऊन बसायचे, घटनेचे तुकडे करायचे आणि नेमकी कोणती एक गोष्ट केली असती तर हा माणूस वाचला असता, हे शोधायचे, अशी त्याची पद्धत होती. विमान अपघातांच्या चौकशीत जे होते तेच त्याने पाण्याखालच्या मृत्यूंना लागू केले. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बेसिक केव्ह डायव्हिंग : अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल’ या त्याच्या छोट्या पुस्तकात त्याने तीन प्रमुख कारणे दाखवली: बाहेरच्या पाण्यापर्यंत अखंड जाणारी दोरी नसणे, परतीसाठी पुरेशी हवा राखून न ठेवणे, आणि वाजवीपेक्षा जास्त खोल जाणे. पुढे त्यांत प्रशिक्षणाचा अभाव आणि दिव्यांची कमतरता या दोहोंची भर पडली. आजचे पाच मूलभूत नियम म्हणजे या पाच कारणांची उलटी बाजू आहे.

दोरीचा नियम सर्वांत आधी. पाणबुड्याने रीळभर पातळ नायलॉनची दोरी बरोबर न्यायची, तिचे एक टोक गुहेबाहेर, जिथून सरळ वर जाता येते अशा उघड्या पाण्यात खडकाला बांधायचे, आत शिरल्यावर दुसरी गाठ मारायची आणि मग ती दोरी उलगडत पुढे जायचे. गाळाने काही दिसेनासे झाले तर अंगठा व तर्जनी यांच्या कड्यात दोरी सैल धरून, केवळ स्पर्शाने बाहेर यायचे. ऐकायला हे सोपे वाटते, पण दोरी बांधणे ही स्वतंत्र कला आहे. ती सैल पडली तर फिन्सना किंवा सिलिंडरच्या तोटीला गुंडाळते. वळणावर योग्य जागी अडकवली नाही तर ताणली जाऊन अशा फटीत सरकते जिच्यातून दोरी जाते पण माणूस जात नाही, आणि आंधळेपणी दोरीमागे येणारा पाणबुडा त्या फटीशी अडकून पडतो. प्रसिद्ध गुहांत कायमच्या दोऱ्या टाकलेल्या असतात आणि त्यांवर प्लॅस्टिकचे छोटे बाण लावलेले असतात. बाणाचे टोक नेहमी जवळच्या बाहेर पडण्याच्या वाटेकडे असते आणि ते बोटांना चाचपून कळते. फ्लॉरिडात या कायमच्या दोऱ्या मुद्दाम दारापासून काही अंतर आत सुरू केलेल्या असतात, जेणेकरून कोणी भटका पाणबुडा आयती दोरी दिसली म्हणून तिच्यामागे जाऊ नये. प्रशिक्षितांना आपल्या रिळाने तेवढे अंतर जोडून घ्यावे लागते. दोरी हरवली वा तुटली तर काय होते हे स्पेनच्या मायोर्का बेटावर २०१७ च्या एप्रिलमध्ये दिसले. तेथील भूशास्त्राचे शिक्षक व अनुभवी गुहा-पाणबुडे शिस्को ग्रासिया यांना परतीची दोरी सापडेना. जोडीदार उरलेल्या हवेवर मदत आणायला गेला आणि ग्रासिया गुहेतल्या एका हवेच्या कप्प्यात सुमारे साठ तास एकटे बसून राहिले. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के असतो, तर त्या कप्प्यात तो ५ टक्क्यांच्या घरात होता. डोके ठणकत होते, भास होत होते. ते वाचले, पण वाचवणारा कप्पा तेथे आहे हे त्यांना ठाऊक होते म्हणून.

हवेच्या नियमाला तृतीयांशाचा नियम म्हणतात. एक तृतीयांश साठा आत जाण्यासाठी, एक तृतीयांश बाहेर येण्यासाठी आणि एक तृतीयांश राखीव. हा आकडा उगाच उदारपणाने ठरवलेला नाही. सर्वांत दूरच्या बिंदूवर दोघांपैकी एकाची हवा एकाएकी पूर्ण गेली, असे धरले तर दुसऱ्याजवळ दोन तृतीयांश उरलेली असते. त्यातली एक तृतीयांश त्याला स्वतःला परतायला लागते आणि उरलेली एक तृतीयांश जोडीदाराला. म्हणजे हिशोब काटेकोर जुळतो, शिल्लक शून्य. दोघे घाबरलेले असताना जादा श्वास घेतील, याची तरतूद त्यात नाही. म्हणूनच नवशिक्या गुहा-पाणबुड्यांना एक षष्ठांश साठा संपताच मागे वळायला शिकवतात, आणि दोघांची सिलिंडरे लहान-मोठी असतील तर मोठ्याने लहानाच्या मापाने चालायचे असते. प्रवाहाची दिशाही पाहावी लागते. फ्लॉरिडातले झरे बाहेर वाहतात, त्यामुळे परतताना पाणी मदत करते. जिथे पाणी जमिनीत आत ओढले जाते तिथे जाताना वेग मिळतो आणि परतताना तेच पाणी अंगावर येते, अशा ठिकाणी तृतीयांशही अपुरा पडतो. एकाची हवा गेल्यावर दोघांना चिंचोळ्या वाटेतून एकामागे एक जाता यावे म्हणून रेग्युलेटरची एक नळी दोन मीटरहून लांब ठेवण्याची पद्धत आहे. समुद्रातल्या साधनाची आखूड नळी इथे निकामी ठरते, कारण त्या नळीने दोघांना खांद्याला खांदा लावून पोहावे लागते आणि गुहेत तेवढी रुंदी नसते.

खोलीविषयी थोडक्यात सांगण्यासारखे इतकेच की साध्या हवेवर ४० मीटरपलीकडे जायचे नाही. दाबाखालचा नायट्रोजन मेंदूवर दारूसारखा अंमल करतो, निर्णय ढिले पडतात आणि ढिले पडल्याचे कळतही नाही. आणखी खोलीवर खुद्द ऑक्सिजन विषारी ठरून झटके आणतो. अधिक खोल जाणारे हेलियम मिसळलेले वायू वापरतात, पण त्याचे प्रशिक्षण वेगळे. शेक एक्स्ली स्वतः ६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतील साकातोन या विवरात २७० मीटरच्या आसपास खोलीवर मरण पावला, आणि नियम सांगणाराच बुडाला असे म्हणणारे तेव्हाही निघाले, आजही निघतात. वस्तुतः तो मृत्यू त्याच्या विश्लेषणाच्या विरोधात जात नाही. प्रशिक्षित माणसे मरतात ती बहुतांशी खोलीच्या हव्यासाने, हे त्यानेच दाखवले होते. अप्रशिक्षित माणसे मात्र उथळ पाण्यात, दारापासून हाकेच्या अंतरावर मरतात.

दिवे किमान तीन असावेत, एक मुख्य आणि दोन राखीव, आणि प्रत्येक दिवा पूर्ण डुबकीभर एकटा टिकेल असा. मात्र दिव्यांच्या बाबतीत सर्वांत मार्मिक नियम अप्रशिक्षितांसाठी आहे आणि तो बरोबर उलटा आहे. फ्लॉरिडातील जिनी स्प्रिंग्ज येथील डेव्हिल्स झऱ्यांच्या समूहात गुहेचे प्रमाणपत्र नसलेल्या पाणबुड्याला टॉर्च नेण्यास मनाई आहे. वरवर पाहता हे अजब वाटते, पण ज्याच्या हातात दिवा नाही तो सूर्यप्रकाश संपतो तिथेच थांबतो. त्याच्या ‘जरा पुढे’ला काळोखच अडवतो. त्याच परिसरातील जिनी झऱ्याच्या आतील मोठे दालन सर्वांना पाहता येते, कारण त्यापुढच्या बोगद्यावर भक्कम लोखंडी जाळी बसवलेली आहे. जेथे जाळी नाही तेथे दारापाशी फलक असतात. त्यांवर हाती कोयता घेतलेली सांगाड्याची, म्हणजे पाश्चात्त्य कल्पनेतल्या मृत्यूची आकृती असते आणि अशाच गुहांत तीनशेहून अधिक पाणबुडे मेले असून त्यांत स्कूबाचे प्रशिक्षकही होते, असे सरळ शब्दांत लिहिलेले असते. प्रशिक्षकांचा तो उल्लेख महत्त्वाचा आहे. समुद्रातल्या हजार डुबक्यांनी येणारा आत्मविश्वास गुहेत उपयोगी पडण्याऐवजी घातक ठरतो, कारण तो माणसाला फलकाच्या पुढे नेतो आणि तिथे हात-पाय-डोके जे सवयीने करतात ते नेमके चुकीचे असते.

माउंट गॅम्बियरचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. तेथे १९६९ ते १९७४ या काळात अकरा पाणबुडे मेले, त्यांपैकी चार १९७३ मध्ये ‘द शाफ्ट’ या एकाच विवरात, एकाच दिवशी. जमिनी शेतकऱ्यांच्या आणि सरकारच्या. दोघांनीही दारे बंद करण्याची भाषा सुरू केली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील गुहा-पाणबुड्यांनी आपली संघटना स्थापन केली, प्रत्येक विवराची श्रेणी ठरवली, त्या त्या श्रेणीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यालाच परवाना द्यायचा असे ठरवले, आणि मृत्यूंची ती मालिका थांबली. विवरे तीच राहिली, पाणीही तेच राहिले. बदलली ती आत कोणी जायचे याची व्यवस्था.

युकातानला जाणाऱ्या पर्यटकांत आता भारतीय, आणि अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही दिसतात, त्यांच्यासाठी एक भेद जाणून घेणे आवश्यक आहे. सेनोतेंमध्ये साध्या प्रमाणपत्रावर जी सहल घडवतात ती गुहेच्या ओसरीची असते. इंग्रजीत तिला ‘कॅव्हर्न’ म्हणतात. जिथून दाराचा सूर्यप्रकाश दिसत राहतो आणि पृष्ठभागापर्यंतचे एकूण अंतर साधारण ६० मीटरच्या आत राहते तेवढाच हा भाग, आणि सूर्य मावळला की तीच ओसरी नियमाने गुहा ठरते. वाटाड्याजवळ पूर्ण गुहा-डायव्हिंगचे प्रमाणपत्र आणि तशी साधने हवीत, त्याच्यामागे चारांहून अधिक माणसे नसावीत, कायमची दोरी सतत दृष्टीत असावी आणि हवेचा तृतीयांशाचा नियम पाळला जावा. यांतले एखादे जरी वाटाड्या हसून टाळू लागला, तर त्याच्या मागे न जाणे बरे.

कारण अप्रशिक्षितांच्या अपघातांचा एक मोठा प्रकार असा की ते एकटे गेलेले नसतात, कोणीतरी जाणकार त्यांना नेतो. ‘माझ्यामागे राहा, काही होत नाही’ या भरवशावर घेतलेल्या डुबकीला पाणबुड्यांच्या बोलीत वेगळे नावच आहे, ‘ट्रस्ट मी’ डुबकी. नेणारा तरबेज असतोही. पण गाळ उडाला, दोरी सुटली किंवा खुद्द त्यालाच काही झाले, तर मागचा माणूस त्या क्षणी एकटा होतो. भीड भिकेची बहीण म्हणतात, पाण्याखाली ती त्याहून वाईट ठिकाणी नेते. मित्राचा विरस नको, पैसे भरले आहेत, सगळे चालले आहेत, अशा कारणांनी नको म्हणायचे राहून जाते.

प्रशिक्षणाचा खरा भर या भिडेवरही असतो. गुहेचा अभ्यासक्रम ओसरीपासून पूर्ण गुहेपर्यंत टप्प्याटप्प्याने शिकवतात आणि त्यात बेडकासारखे पाय मारून गाळ न उडवता तरंगायला, झाकलेल्या मास्कने आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी हरवलेली दोरी शोधायला, अंधारात एकमेकांचा दंड धरून एकाच सिलिंडरवर बाहेर यायला पुन्हा पुन्हा लावतात. या साऱ्या कसरतींइतकाच पक्का करून घेतला जातो तो एक संकेत. जमिनीवर अंगठा वर केला की झकास असा अर्थ होतो. पाण्याखाली त्याचा अर्थ डुबकी संपली, बाहेर चला, असा होतो. संघातला कोणीही, अगदी सर्वांत नवखाही, कोणत्याही क्षणी आणि कोणत्याही कारणासाठी तो दाखवू शकतो. दिवा मंदावला म्हणून, कानात दुखले म्हणून, किंवा नुसते बरे वाटत नाही म्हणून. पुढे असलेल्याने, मग तो कितीही ज्येष्ठ असो, थांबायचे, आपला अंगठा वर करून होकार द्यायचा आणि दोरीवर मागे वळायचे. कारण विचारायचे नसते, बाहेर आल्यावर सुद्धा नाही.